वडिलांचा जुन्या गाड्यांचा व्यवसाय चालू ठेवावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९९० च्या सुमारास तालुक्याच्या गावी सुरू केलेला जुन्या मोटारगाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आता आपल्या आणि आपल्या भावाच्या हाती आला आहे. मोबाइलवर घरबसल्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांपुढे आपला निभाव लागणार नाही, तेव्हा आवार भाड्याने देऊन मोकळे व्हावे, असे भावाचे म्हणणे आहे. असे घरगुती व्यवसाय मुळात कशाच्या बळावर उभे राहिले आणि त्यातले आता काय शिल्लक आहे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. आमच्या घरात हा व्यवसाय कोल्हापुरात १९७४ पासून आहे आणि मी स्वतः त्यात १९८८ पासून आहे, त्यामुळे उत्तर आमच्याच घराच्या हिशेबाने देतो. गिऱ्हाइकापाशी जे नाही ते आमच्यापाशी असणे, एवढीच आमची कमाई. आणि हे 'जे' दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेले आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ते काय होते हे आपण शोधले, तर भावाशी बोलणे सोपे होईल.

वडील शिवाजी उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये मिस्त्री होते. त्या काळी देशात प्रवासी मोटारी म्हणजे मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, जिचे त्याच सुमारास प्रीमियर पद्मिनी असे बारसे झाले, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, आणि रस्त्यावर उरलेल्या मद्रासच्या काही स्टँडर्ड हेराल्ड. उत्पादन परवान्याने बांधलेले होते, विक्री १९५९ च्या नियंत्रण आदेशाने बांधलेली होती, आणि नाव नोंदवल्यापासून गाडी दारात येईपर्यंत वर्षे जात. परिणामी दोन-तीन वर्षे नीट वापरलेली फियाट नव्या फियाटच्या ठरलेल्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. आज हे सांगितले तर पोरांना थट्टा वाटते, पण आमच्या व्यवसायाचा पाया या टंचाईवरच घातला गेला. गॅरेजमध्ये येणाऱ्या गाडीचा मालक ती कधी काढणार आहे, हे मिस्त्र्याला सगळ्यांच्या आधी कळते. कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या वकिलांना किंवा गुजरीतल्या कोणत्या सराफांना गाडी हवी आहे, हेही त्याच्याच कानावर येते. वडिलांनी या दोघांची गाठ घालून दिली, दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली, आणि वर्षाच्या शेवटी पाहिले तर ती पगारापेक्षा जास्त भरली होती.

कोल्हापुरात गाड्या कमी पडू लागल्या तेव्हा ते मुंबईला जाऊ लागले. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचे, शनिवारी गाड्या पाहून इसार द्यायचा आणि रविवारी गाडी स्वतः चालवत परतायचे, असा त्यांचा क्रम होता. खंबाटकी चढताना रेडिएटर उकळला नाही तर सौदा बरा झाला, असे ते मानत. मुंबईच्या गाडीला खाऱ्या हवेमुळे खालून गंज लागतो, हे आमच्याकडच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक असल्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न "मुंबईची का?" हाच असे. त्यामुळे वडील गाडी पाहताना इंजिनाकडे शेवटी वळत. आधी पायाखालची मॅट उचलून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबत आणि टोक आत गेले की मॅट पुन्हा नीट अंथरून मालकाचे आभार मानून निघून येत.

याच काळात त्यांनी एक सवय लावून घेतली, जिचे महत्त्व आम्हाला फार उशिरा कळले. लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत ते प्रत्येक गाडीला एक पान देत. वर क्रमांक, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक. खाली कोणाकडून घेतली, कोणाला दिली, पत्ता, रक्कम. आणि उजवीकडे एक रकाना, ज्याच्या डोक्यावर फक्त 'सांगितले' असे लिहिलेले. त्या रकान्यात घेणाऱ्याला कोणकोणते दोष सांगितले ते असे आणि खाली घेणाऱ्याची सही असे. १९७८ च्या एका फियाटच्या पानावर आहे: "दुसरा गिअर उतारावर सुटतो. उजवा मागचा दरवाजा रंगवलेला. सायलेन्सर कुजका, पावसाळ्याआधी बदलावा." वडील शाळेत सातवीपर्यंतच गेले होते आणि व्यवहारनीतीचा त्यांचा काही खास आविर्भाव नव्हता, गिऱ्हाईक महिन्याभराने भांडायला आले की पान उघडून दाखवता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मारुती ८०० च्या पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या, तेव्हा वडिलांनी तिला डबडे म्हणून बाजूला सारले. गाडी कशी असावी याची त्यांची कल्पना फियाटच्या जाड पत्र्यातून आणि स्टीअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यातून घडलेली होती. लोक दहा-दहा हजार रुपये भरून मारुतीच्या रांगेत उभे होते, नंबर लागलेल्यांचे बुकिंग वरचे पैसे देऊन विकत घेतले जात होते, आणि टंचाईवर जगलेल्या माणसाला ही नवी टंचाई ओळखू आली नाही. त्यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने तीन फियाट घेऊन ठेवल्या. पुढच्या दीड-दोन वर्षांत आमच्या भागात फियाटचा भाव जो बसला तो उठलाच नाही, आणि त्या तीन गाड्या काढताना आईच्या नावावरची ठेव मोडावी लागली. दलालाला भाव पडला तरी दलाली मिळते, माल स्वतःचा असेल तर पडलेला भाव स्वतःच्या अंगावर पडतो, हा फरक आमच्या घराला तिथे समजला. त्यानंतर बरीच वर्षे आम्ही लोकांच्या गाड्या आमच्या आवारात उभ्या करून कमिशनवर विकत असू. 'पार्क अँड सेल' हा शब्द कोल्हापुरात नंतर आला, काम आधीपासून तेच होते. ते आवार १९८६ मध्ये घेतले आणि काका त्याच सुमारास पूर्ण वेळ वडिलांच्या सोबतीला आले.

मी आलो तेव्हा मोटार वाहन कायदा, १९८८ मंजूर झाला होता आणि १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. एम अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरांचे जुने क्रमांक जाऊन कोल्हापुरातल्या नव्या गाड्यांना एमएच-०९ आले. क्रमांक बदलला हे सगळ्यांनी पाहिले. कागदांची नीट व्यवस्था लावणारा माणूस आता लागणार, हे फार थोड्यांनी ओळखले. नव्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. व्यवहारात मात्र घडे ते वेगळेच. विकणारा दोन्ही फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देई, ते फॉर्म आमच्या खणात पडत, पुढचे गिऱ्हाईक आले की त्याच्या हाती जात, आणि तो माणूसही गाडी नावावर न करता वर्ष-दोन वर्षे फिरवून त्याच सह्यांवर तिसऱ्याला विकून टाके. सगळेच असे करत आणि आम्हीही करत होतो.

आमच्या घराचा व्यवसाय ज्या घटनेने बदलला ती या कोऱ्या सह्यांचीच आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. १९९१ मध्ये आम्ही एका निवृत्त शिक्षकांची ॲम्बेसेडर विकली. गुरुजींनी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले, गाडीला हात लावून नमस्कार केला आणि ते पायी घरी गेले. १९९६ च्या पावसाळ्यात ते आवारात आले तेव्हा त्यांच्या हातात न्यायालयाचा कागद होता. त्या गाडीखाली शेजारच्या जिल्ह्यात एक मजूर दगावला होता, चालक पळाला होता, विम्याची मुदत संपलेली होती, आणि नोंदवहीत मालक म्हणून पाच वर्षांनंतरही गुरुजींचेच नाव होते. त्यांनी आवाज चढवला नाही, "गाडी तर मी तुमच्या हाती दिली होती ना?" एवढेच विचारले. वडिलांनी वही काढली. पान सापडले, घेणाऱ्याचा पत्ता सापडला, त्याची सही सापडली. तो माणूस इचलकरंजीला होता. त्याने गाडी पुढे कोणाला दिली हे त्याच्याकडे लिहिलेले नव्हते, पण सुदैवाने त्याला आठवत होते. पुढची दोन वर्षे तारखांना गुरुजींबरोबर वडील जात. नुकसानभरपाईतला काही भाग आम्ही सोसला. तो किती होता हे आईने हिशेबाच्या वहीत लिहिले आहे आणि आम्ही तो आकडा घरात कधी बोलून दाखवत नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे: नावावर झाल्याचा कागद येईपर्यंत विकणाऱ्याची काही रक्कम आणि घेणाऱ्याची मूळ चावी, दोन्ही आमच्या कपाटात राहतात. काकांना हा नियम कधीच पटला नाही. गिऱ्हाईक दसऱ्याला गाडी न्यायला आले असता त्याला आठ दिवस थांबवायचे म्हणजे शेजारच्याच्या दारात नेऊन सोडायचे, असे ते म्हणत, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. पहिल्या वर्षी आमची विक्री चांगलीच खाली आली. १९९९ मध्ये वाटणी झाली त्यामागे आणखीही कारणे होती, पण हे एक होते. आवाराचा पुढचा भाग काकांकडे गेला, मागचा आमच्याकडे राहिला, उभ्या असलेल्या गाड्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. जुन्या वह्या मात्र वाटता येईनात. शेवटी त्या आमच्या कपाटात ठेवायच्या आणि काकांच्या माणसाला केव्हाही पाहू द्यायच्या, असे ठरले. ती व्यवस्था आजही चालू आहे. आपण वाटणी करणार असाल तर गाड्या आणि जागा यांच्याबरोबर नोंदी कोणाकडे राहणार हेही लिहून घ्या, कारण त्यांचीच किंमत आधी कोणी धरत नाही.

हा नियम त्या काळी आमचा लहरीपणा मानला जाई. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. तो निकाल मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि गुरुजी असते तर त्यांना दाखवला असता, एवढेच म्हणाले.

टंचाई १९९३ मध्ये मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन उठल्यावर संपू लागली. १९९८ मध्ये सँट्रो आली, डिसेंबरअखेर टाटांची इंडिका आली, कर्ज देणाऱ्या बँका दारात येऊन बसल्या आणि जुनी गाडी नव्यापेक्षा स्वस्त असणे ही जगभरची रीत आमच्याकडेही रुळली. आता आमच्यापाशी जे होते ते म्हणजे भावाची माहिती. पाच वर्षांची डिझेल इंडिका एका जिल्ह्यात काय भावाने जाते आणि दुसऱ्या जिल्ह्यात काय, हे गिऱ्हाइकाला कळायला काही मार्ग नव्हता. ऊसपट्ट्यातले गिऱ्हाईक डिझेल मागते, शहरातला नोकरदार पेट्रोल मागतो. कारखान्यांची ऊसबिले जमा झाली की आठवड्यात चार गाड्या जातात, पितृपक्षात एकही जात नाही. हे सगळे गणित आमच्या डोक्यात होते. आकड्यांचा शौक तर वेगळाच. ४१४१ हा क्रमांक पाटीवर 'दादा' असा वाचता येतो म्हणून तशा गाडीला वीस-पंचवीस हजार जास्त मोजणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाने इंजिन सुरू करूनही पाहिले नव्हते.

किमती ठाऊक असण्याची ही मक्तेदारी गेली, आणि ती फक्त मोबाइलने नेली असे आपल्या भावाने समजू नये. २००१ मध्ये मारुतीने ट्रू व्हॅल्यू सुरू केले, पुढे महिंद्रांनी फर्स्ट चॉइस आणले, मग भाव दाखवणारी संकेतस्थळे आली, आणि २०१५ च्या आसपास कार्स२४ आणि स्पिनी यांसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज माझ्यासमोर बसलेले गिऱ्हाईक मांडीवरच्या मोबाइलवर त्याच मॉडेलच्या वीस गाड्यांचे भाव पाहत असते आणि सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीवर क्रमांक टाकून गाडीचा कितवा मालक आहे, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हेही पाहून आलेले असते. भाव ठाऊक असणे याला आता काहीच मोल राहिलेले नाही. या कंपन्यांची तपासणी आमच्यापेक्षा पद्धतशीर असते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मी त्यांचे पाहूनच घेतले. त्याआधी आम्ही लोहचुंबक आणि बोट यांवर विसंबून होतो.

तरी एक जागा अशी आहे जिथे जवळचा माणूस लागतो, आणि आमच्या भागात ती पुराने दाखवून दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटले होते. शाहूपुरीच्या सखल भागात, सांगलीत, शिरोळ तालुक्यात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्या लिलावात गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतल्या बऱ्याच चकचकीत होऊन दूरच्या शहरांतून पुन्हा बाजारात दिसू लागल्या. धुतलेली, नवे सीट कव्हर घातलेली आणि अत्तराची बाटली लटकवलेली गाडी पाहून कोणालाही शंका येत नाही. मी ती अशी पाहतो. पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढून काढायचा. बाहेरचा भाग धुतला जातो, पण गुंडाळीच्या आतल्या दोन हात पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहते. मग सीट पुढे-मागे सरकण्याच्या पट्टीखाली बोट फिरवायचे. पाच वर्षांच्या गाडीत तिथे धूळ असावी, गंज असू नये. स्टेपनीचा खड्डा, फ्यूजच्या डबीचे कोपरे, दिव्याच्या काचेत आतून राहिलेली ओल, आणि शेवटी काचा वर करून गाडी अर्धा तास उन्हात उभी करून दार उघडायचे आणि वास घ्यायचा. नदीच्या गाळाचा वास एकदा ओळखीचा झाला की अत्तराने तो लपत नाही. २०२० मध्ये माझ्या पुतण्याने बंगळुरूहून अत्यंत रास्त भावात आणलेली एक डिझायर आम्ही याच वासामुळे आठ दिवसांत तोटा सोसून, दोष सांगून मोकळी केली. विशेष म्हणजे ती कागदोपत्री मुळात सांगलीची होती. पाहुणी होऊन परत आली होती.

दिल्लीच्या गाड्यांविषयीही एवढेच सांगतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथे फार स्वस्त मिळतात, आणि त्या आणून विकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर, वाहतूक आणि पासिंगला जाणारे दिवस धरले तर त्यातला नफा दिसतो तेवढा राहत नाही. ज्याला हे काम रोज करायचे आहे त्यानेच ते करावे.

आता करांकडे येतो, कारण भावाला भाडे सोपे वाटते त्यामागे बहुधा तेच असावे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत आमच्याकडे सहा आठवडे एकही गाडी हलली नाही. एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, आणि जुलैमध्ये जीएसटी आला तेव्हा सुरुवातीला जुन्या गाडीच्या नफ्यावरही नव्या गाडीचाच चढा दर आणि वर उपकर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो उतरला: मोठ्या गाड्यांना १८ टक्के, बाकीच्यांना १२ टक्के, आणि तोही फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. १६ जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांना १८ टक्के झाले. लोकांचा समज असा झाला की चार लाखांच्या गाडीवर बहात्तर हजार कर लागतो. तसे नाही. तीन लाखांना घेतलेली गाडी तीन लाख चाळीस हजारांना विकली तर कर चाळीस हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. पूर्वी छोट्या गाडीवर तो ४,८०० असता. तोट्यात विकली तर काहीच नाही. दुरुस्ती आणि रंगकाम यांवर तुम्ही केलेला खर्च या फरकातून वजा होत नाही, ही मात्र खरी बोच आहे, आणि नवशिके इथेच फसतात.

यापेक्षा मोठा धक्का २२ सप्टेंबर २०२५ ला बसला. छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला, आणि नव्या गाडीची किंमत एका रात्रीत उतरली. जुन्या गाडीचा भाव हा नव्याच्या सावलीत असतो. आमच्या आवारात त्या दिवशी अकरा गाड्या होत्या, त्यांतल्या नऊ छोट्या. ऑगस्टच्या मध्यापासून कपातीची कुणकुण होती, गिऱ्हाईक थांबून राहिले होते आणि आम्हाला माल काढता येत नव्हता; १९८५ च्या त्या तीन फियाटची आठवण मला तेव्हा रोज होत असे. आम्ही नऊच्या नऊ गाड्या दिवाळीपर्यंत पडेल त्या भावाने काढल्या. ज्यांनी भाव सुधारण्याची वाट पाहिली त्यांचे व्याज वाढत गेले. तीन लाखांची गाडी १८ टक्के व्याजाच्या पैशाने घेतली असेल तर ती नुसती उभी राहण्याचे महिन्याला साडेचार हजार पडतात. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात ते वेगळेच. आमच्याकडे साठ दिवसांवर गाडी ठेवत नाहीत, हा वहीतला दुसरा नियम.

कागदांच्या बाबतीत मात्र काळ आमच्या बाजूने वळला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये भर घालण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याची सोय झाली. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून तसे कळवायचे; त्यानंतर गाडी पुढे विकली जाईपर्यंत विक्रेता हाच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, धरला जातो. नूतनीकरण, दुय्यम आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), ना-हरकत आणि मालकी बदल यांचे अर्ज तो स्वतः करू शकतो. गाडी बाहेर काढली तर कशासाठी आणि किती किलोमीटर, याची नोंद ठेवावी लागते. आमच्या गुरुजींच्या वेळी हा नियम असता तर तो न्यायालयाचा कागद त्यांच्या नावाने निघाला नसता, तो आमच्या नावाने निघाला असता, आणि तसाच निघायला हवा होता. कोऱ्या सह्यांवर चालणाऱ्यांना ही कटकट वाटते. ज्याच्याकडे पहिल्यापासून वही आहे त्याला त्यात नवे असे फारसे काही नाही. वहीचा उजवा रकाना आता संगणकात गेला, इतकेच. आपल्या वडिलांचे प्रमाणपत्र काढलेले नसेल तर ते काढल्याशिवाय यापुढे एकही गाडी ताब्यात घेऊ नका, मग व्यवसाय सहा महिने चालवायचा असो की सहा वर्षे.

आता भाऊ जे म्हणतो त्याविषयी. त्याचे म्हणणे भावनेने खोडून काढू नका, हिशेबाने तपासा. मागच्या २४ महिन्यांत विकलेल्या प्रत्येक गाडीसाठी एक ओळ लिहा: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, दोन्ही रकमा, दुरुस्ती, कर, आणि गुंतलेल्या पैशाचे त्या दिवसांचे व्याज. शेवटी एक रकाना जास्तीचा ठेवा, ज्यात गिऱ्हाईक कसे आले ते असेल: रस्त्यावरून, जाहिरातीवरून, की पूर्वी गाडी नेलेल्या कोणी पाठवले म्हणून. आमच्याकडे मागच्या वर्षी दहातली सहा गिऱ्हाइके कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेली होती, आणि त्यांना गाडी सरासरी अठ्ठावीस दिवसांत गेली. जाहिरातीवरून आलेल्यांना लागणारे दिवस जवळपास दुप्पट होते आणि भावावरून घासाघीसही त्यांचीच जास्त. आपल्या यादीत हा सांगून आलेल्यांचा आकडा तिसऱ्या हिश्शाहून कमी निघाला, तर आपल्यापाशी कंपन्यांपेक्षा वेगळे असे काही उरलेले नाही, आणि आवाराचे भाडे निव्वळ नफ्याहून जास्त येत असेल तर भाऊ बरोबर आहे. तो निम्म्यावर निघाला, तर भाड्यापेक्षा थोडे कमी सुटले तरी मी व्यवसाय ठेवीन, फक्त स्वतःच्या पैशाच्या गाड्या चार-पाचच ठेवून बाकीच्या कमिशनवर घेईन.

आणखी एक गोष्ट, जी हिशेबाच्या आधी करायची आहे. जागा कोणाच्या नावावर आहे आणि व्यवसाय कोणाच्या, हे दोन वेगळ्या कागदांवर आणा, आणि व्यवसायाने जागेला दरमहा भाडे द्यावे असे लिहून घ्या, जरी ते भाडे एका खिशातून दुसऱ्या खिशात जात असले तरी. आमच्या घरी १९९९ पर्यंत हे केलेले नव्हते. त्यामुळे गाड्यांत सुटते आहे की जागेच्या वाढत्या किमतीने झाकले जाते आहे, हे वर्षानुवर्षे कोणालाच कळले नव्हते, आणि वडील व काका दोघेही, आपण एकट्याने घर ओढतो आहोत, असे धरून चालले होते.